आरोलकरांची गाडी ठोकळ्यांवर

विघ्नेश आरोलकरांनी आजवर हजारो गाड्यांची सस्पेन्शनं बदलली होती, पण ती सगळी कागदावर. विमा कंपनीच्या मोटार विभागात बावीस वर्षं बसून त्यांनी लोअर आर्म, बॉल जॉइंट, शॉकअप, बुश ही चाकं पेलणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या पार्टांची नावं इतक्या वेळा वाचली होती आणि त्यांच्यापुढे इतक्या वेळा 'झीज झाल्याने नामंजूर' असा शेरा मारला होता, की आपल्याला यातलं सगळं कळतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. प्रत्यक्षात घरातला बल्ब गेला तर त्यांच्या सौभाग्यवती विनिताताई स्टुलावर चढत आणि आरोलकर खालून स्टूल धरत. धरणं हेही जबाबदारीचंच काम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशा माणसाकडे लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी जुनी स्पोर्ट्स कार कशी आली, हे विचारण्यात अर्थ नाही. आली. पन्नाशीच्या आसपास काही पुरुष बासरी शिकतात, काही धावायला लागतात, आरोलकरांनी गाडी घेतली. एका रविवारी ते तिला चिंचोटीपर्यंत फिरवून आले आणि त्या दिवसापासून गाडी बोलायला लागली. खड्डा लागला की 'कुईंऽ' आणि खड्डा संपला की 'कट्'. वसईत खड्डा कुठे संपतो हे सांगणं अवघड असल्यामुळे या दोन आवाजांत फारसं अंतर पडत नसे.

आवाज होता तर होता. आरोलकरांनी खिडक्या बंद करून गाणी लावली असती आणि प्रश्न मिटला असता. पण मध्ये जीनाचं लग्न आलं.

आरोलकरांची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी क्लिफर्ड लोपीसची केळीची वाडी होती. उरलेल्या वाडीत, सोसायटीच्या भिंतीला लागूनच, क्लिफर्डचं घर आहे. त्याची मुलगी जीना शाळेत असताना विनिताताईंकडे गणित शिकायला यायची आणि गणित नको झालं की आरोलकरांशी पत्ते खेळायची. लग्न ठरल्यावर तिने एकच हट्ट धरला. चर्चला जाणार ते काकांच्या लाल गाडीतून.

आरोलकरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. लोक त्यांच्याकडे आयुष्यभर क्लेम मागत आले होते, हट्टाने काही मागणारं माणूस हे पहिलंच. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

क्लिफर्ड मात्र संध्याकाळी भिंतीवरून डोकावला. "विघ्नेश, तुझी गाडी मला मान्य आहे, पण तो आवाज नको. नवऱ्याकडची माणसं चर्चच्या दारात उभी असतात. बॅण्डमागून कुईं-कट् करत पोरगी आली तर म्हणतील, बापाने भंगारात बसवून धाडली. माझ्या भावाची पांढरी गाडी आहे. जीनाला मी समजावतो."

"अजिबात समजावू नकोस," आरोलकर म्हणाले. "लग्नाला बारा दिवस आहेत. गाडी मांजरीसारखी चालेल."

नायगावच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं, पुढचे दोन्ही लोअर आर्म, बुश आणि शॉकअप कामातून गेल्याचं सांगितलं आणि पार्ट मिळतील, पण हात लावायला माणूस पुढच्या महिन्यात मिळेल, असंही सांगितलं. घरी येऊन आरोलकरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? मी खाली पार्किंगमध्ये बदलतो."

विनिताताईंनी कप खाली ठेवला. "आणि स्टूल कोण धरणार?"

हा वार आरोलकरांच्या वर्मी बसला. त्यांनी त्याच क्षणी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला.

पार्ट चार दिवसांत आले, पण पार्टच्या आधी आले विलासराव खांबेटे. विलासराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, मंत्रालयातून निवृत्त झालेले. मंत्रालय मात्र त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. पार्किंगमध्ये जॅक पाहून ते म्हणाले, "दुरुस्ती करायची तर रीतसर परवानगी हवी," आणि त्यांनी अर्ज पुढे केला. सोसायटीकडे दुरुस्तीचा एकच अर्ज छापलेला होता आणि तो होता सदनिकेच्या दुरुस्तीचा. कोणत्या भिंती पाडणार? आरोलकरांनी लिहिलं, एकही नाही. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करणार का? नाही. खालच्या सदनिकाधारकाची ना-हरकत जोडली आहे का? इथे आरोलकर अडखळले.

"विलासराव, गाडीखाली कोणी राहत नाही."

"ते मला दिसतंय. पण ते प्रमाणित कोण करणार?"

आरोलकरांनी रागाने वर पाहिलं आणि एकदम त्यांना चमत्कारिक वाटलं. हा प्रश्न ते स्वतः गेली बावीस वर्षं लोकांना विचारत होते. समोरून विचारला गेल्यावर तो असा लागतो, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी मुकाट्याने लिहून दिलं की, गाडीखाली जमीन असून जमिनीची हरकत नाही. विलासरावांनी 'पाहिले' असा शेरा मारून सही केली आणि अट बजावली. सोसायटीच्या नियमानुसार दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद. माणसं झोपलेली असतात.

गाडी ठोकळ्यांवर चढली आणि सोसायटीला काम मिळालं. इतके दिवस लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं गाडीभोवती खुर्च्या टाकून बसू लागली. चौथ्या मजल्यावरचा कौस्तुभ कॉम्प्युटर कंपनीत होता आणि घरून काम करायचा. तो कामाचा लॅपटॉप घेऊनच खाली आला. "काका, मी पाच व्हिडिओ पाहिलेत. दोन तासांचं काम आहे. सिंपल." विलासरावांच्या पत्नी यमुनाताई म्हणाल्या, "आमच्या मामंजींचा गुडघा अस्साच वाजायचा. रोज एरंडेल चोळलं, आठ दिवसांत बंद." आरोलकरांनी हसून मान डोलावली. मान डोलावणं त्यांना महागात पडलं, कारण ते जेवायला वर गेले असताना यमुनाताईंनी खरोखरच दोन्ही नव्या बुशांना वाटीभर एरंडेल चोळलं, वर फडकंही बांधलं. ते पुसून काढण्यात एक अख्खा दिवस गेला. गाडीला मात्र बाळंतिणीच्या खोलीचा वास लागला तो लागलाच.

खरी अडचण होती नटाची. डावीकडच्या लोअर आर्मचा मोठा नट काही केल्या हलेना. आरोलकरांनी पाना लावून ओढलं, ढकललं, पान्यावर उभे राहिले, शेवटी पान्यावर उड्या मारल्या. पाचव्या उडीला पाना निसटला आणि आरोलकर यमुनाताईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसले. पापड पोह्यांचे होते. आरोलकरांना लागलं नाही, पण स्वाभिमान चांगलाच शेकला. कौस्तुभ म्हणाला, "व्हिडिओत तर लगेच निघतो."

"व्हिडिओ कुठला आहे?"

"जर्मनीचा."

"तिथे समुद्राचा वारा येतो का घरात?" आरोलकर ओरडले. इतक्या मोठ्याने ते लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडले.

क्लिफर्डने हे सगळं भिंतीवरून पाहिलं आणि पाचूबंदरला फोन लावला. तासाभरात त्याचा शाळासोबती प्लासिड मोटरसायकलवरून आला. बंदरावरच्या अर्ध्या बोटींची इंजिनं प्लासिडच्या हाताखालून जातात. त्याने नट पाहिला, बोटाने खरवडला आणि जिभेला लावून बघतो की काय असं वाटत असतानाच म्हणाला, "खाऱ्या वाऱ्यानं धरलाय हा. ह्याला उड्या नाय लागत सायेब. ह्याला पयले डिझेल पाजायचा, मग सबूर करायचा, मग ठोकायचा."

"किती सबूर?"

"चहा पिऊन होईल एवढा."

चहा झाला, गप्पा झाल्या, बोंबलाच्या भावावर चर्चा झाली. मग प्लासिडने आरोलकरांना खाली झोपायला सांगितलं, आर्म दोन्ही हातांनी वर धरून ठेवायला सांगितलं आणि हातोडा उचलला. तीन घाव बसले. नट सुटला! आरोलकर आनंदाने ओरडणार, तोच डोक्याच्या बाजूला दोन पॉलिश केलेल्या चपला येऊन उभ्या राहिल्या.

"दोन वाजले," विलासराव म्हणाले.

"विलासराव, बोल्ट अर्धा बाहेर आलाय! अजून दोन घाव!"

"चार वाजता."

प्लासिडने गाडी ठोकळ्यांवर पक्की असल्याची खात्री केली आणि हातोडा खाली ठेवला. त्याच्या मते माणसांनी दुपारी झोपणं हे बरोबरच होतं. "तुमी तो आर्म सोडू नका हां, नायतर ब्रेकचा पाइप तुटंल," एवढं सांगून तो क्लिफर्डकडे जेवायला गेला. आणि आरोलकर आर्म धरून पडून राहिले. धरणं हेही जबाबदारीचंच काम आहे, हे आपलंच वाक्य त्यांना त्या वेळी फार बोचलं. कौस्तुभने पंधरा मिनिटांनी दोरी आणून आर्म बांधून दिला, तेव्हा आरोलकरांचे हात मोकळे झाले, पण खालची फरशी इतकी गार होती आणि ते इतके दमले होते, की त्यांना तिथेच झोप लागली.

तीन वाजता यमुनाताई पापड उचलायला खाली आल्या. त्यांना गाडीखालून बाहेर आलेले दोन स्तब्ध पाय दिसले. पुढच्या पाच मिनिटांत सोसायटीत जो आरडाओरडा झाला तो दोन ते चारच्या नियमात कुठेच बसत नव्हता. विनिताताई तीन जिने धावत आल्या, कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला, चौघांनी पाय धरून आरोलकरांना बाहेर ओढलं आणि आरोलकर डोळे उघडून म्हणाले, "चार वाजले का?" ॲम्ब्युलन्स आलीच होती, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. उत्तम निघालं. विलासरावांचं जास्त निघालं.

यानंतर काम भराभर व्हायला हवं होतं. झालंही. दोन दिवसांत दोन्ही आर्म, शॉकअप, बुश बसले. प्लासिड येऊन पाहून गेला आणि बराच वेळ डोकं खाजवत राहिला. "सायेब, ह्यो उजव्या बाजूचा आर्म डाव्या बाजूला का लावलाय?"

"शक्यच नाही. डावा डावीकडेच लावलाय."

"कोनाच्या डावीकडं?"

घोटाळा तेव्हा उघड झाला. ऑफिसात आरोलकरांच्या टेबलावर अपघातग्रस्त गाड्यांचे फोटो येत ते नेहमी समोरून काढलेले. बावीस वर्षं आरोलकर गाडीकडे तोंड करून बसलेले. गाडीत बसलेल्या माणसाची डावी बाजू म्हणजे गाडीची डावी, ही साधी गोष्ट त्यांच्या मनाने कधी मान्यच केली नव्हती. आजवर आपण किती लोकांचे बरोबर क्लेम चुकीच्या बाजूसाठी नामंजूर केले असतील, या विचाराने ते थोडा वेळ जमिनीवरच बसून राहिले. मग उठले आणि सगळं पुन्हा उघडायला लागले. या वेळी पाना त्यांनी एकट्याने चालवला. नट पहिल्याच झटक्याला सुटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण नेमकं त्या वेळी बघायला कोणी नव्हतं.

शनिवारी दुपारी एक वाजता गाडी चारी चाकांवर उतरली. आता फक्त चालवून पाहायचं होतं. आवाज गेला की नाही, हे त्याशिवाय कळणार नव्हतं. पण गेटबाहेर रस्त्याचं काँक्रीट ओलं होतं. या रस्त्यासाठी सोसायटीने तीन वर्षं अर्ज केले होते आणि अर्ज नेमका त्या आठवड्यात पावला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, उद्या दुपारी रस्ता खुला. आरोलकर रात्रभर कूस बदलत राहिले. "वाजली तर?" त्यांनी विनिताताईंना विचारलं.

"वाजली तर वाजली. सगळं जग वाजतं."

"पण मी शब्द दिलाय तिला."

विनिताताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी लग्न चारला होतं. अडीच वाजता आरोलकर सुटाबुटात, कोटाच्या खिशाला गुलाब लावून खाली आले. गाडीला पांढऱ्या फिती लावून झाल्या होत्या. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी काहीच बोलली नाही. कुईं नाही, कट् नाही, इंजिनाचा आवाजही नाही. कामाला उजेड हवा म्हणून आरोलकरांनी आठवडाभर गाडीचं दार उघडं ठेवलं होतं, आतला दिवा आठवडाभर जळत होता आणि बॅटरी पार आटली होती.

"नो टेन्शन काका," म्हणत कौस्तुभने आपल्या गाडीतून वायरी आणल्या. हाही व्हिडिओ त्याने पाहिलेला होता. त्याने वायरी जोडल्या, एक ठिणगी उडाली, 'फट्' असा आवाज झाला आणि गाडीतून धुराची बारीक रेघ निघाली. वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. मोठा फ्यूज उडाला. तसला फ्यूज रविवारी दुपारी वसईत मिळणं शक्य नव्हतं.

आणि गेटमध्ये जाऊन पाहतात तर नवा रस्ता सोसायटीपेक्षा चांगला दीड वीत उंच. मधली पायरी ठेकेदाराने पुढच्या टप्प्यात भरायची ठेवलेली. बाकीच्या गाड्या दगडगोटे टाकून चढत होत्या. आरोलकरांची गाडी चढली असती तर पोट फाडून घेऊनच.

क्लिफर्ड सूट घालून भिंतीवरून बघत होता. तो हळूच म्हणाला, "विघ्नेश, तू खूप केलंस. मी भावाला फोन करतो."

आरोलकरांना सगळं आठवलं. बारा दिवस, एरंडेल, पापड, ॲम्ब्युलन्स, आणि शेवटी पांढरी गाडी. तेवढ्यात क्लिफर्डच्या मांडवातून प्लासिड आला. त्याच्यासोबत पाचूबंदरची आणखी सात माणसं होती, सगळी लग्नाला आलेली, सगळी सुटाबुटात. प्लासिडने एकदा पायरी पाहिली, एकदा गाडी पाहिली.

"एवढीच अडचन? अरे, आमी बारा टनाची बोट वाळूवर ओढतो. ही तर होडी पन नाय." त्याने कोट काढून यमुनाताईंच्या हातात दिला. त्यांना घेऊन आलेल्या टेम्पोतून बोटीच्या जाड फळ्या आल्या, दोर आला. फळ्यांना सुक्या बोंबलाचा दरवळ होता, तो एरंडेलात छान मिसळला. आरोलकरांनी गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातांनी पुढच्या हुकात दोर अडकवला, बोल्ट एकदा शेवटचे चाचपले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"हयाऽ हो!" प्लासिड ओरडला. सात गळे त्याच्यामागून ओरडले. अख्खी सोसायटी गॅलरीत आली. विलासराव घड्याळ बघत गेटमध्ये आले. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. विलासरावांनी फळ्यांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "विशेष बाब म्हणून." मग त्यांनी चपला काढल्या आणि गाडीच्या मागे जाऊन खांदा लावला.

गाडी फळीवर चढली, डुलली आणि अलगद नव्या रस्त्यावर उतरली. पण 'हयाऽ हो'च्या गजरात आवाज झाला की नाही हे आरोलकरांना ऐकूच आलं नाही. क्लिफर्डच्या दारात जीना गाडीत बसली, तिथे बॅण्ड सुरू झाला आणि मग तर काहीच ऐकू येईना. पुढे बॅण्ड, मागे दोराने ओढली जाणारी लाल गाडी, तिच्यामागे वऱ्हाड. जीना हसून हसून लाल झाली होती. आरोलकर मात्र मान वाकडी करून चाकाकडे कान लावून बसले होते. तिने विचारलं, "काका, काय ऐकताय?" ते म्हणाले, "काही नाही. तेच ऐकतोय."

चर्चच्या वळणावर बॅण्ड थांबला, कारण तिथून पुढे वाजवायचं नाही असा नियम. प्लासिडने खूण केली. दोर सुटला, आठही जणांनी कोट चढवले आणि मागून गाडीला हात लावून हळूहळू चालू लागले. वळणापासून चर्चच्या दारापर्यंत पन्नासएक पावलं होती आणि मध्ये दोन उंच स्पीडब्रेकर. सगळीकडे शांतता. इंजिन चालू असतं तर त्यात काही लपलं असतं. आता लपायला जागा नव्हती. क्लिफर्ड गाडीच्या बाजूने चालत होता, त्याचाही एक कान गाडीकडे होता. पहिला स्पीडब्रेकर आला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चाकं चढली, उतरली.

काही नाही.

दुसरा आला. आरोलकरांनी डोळे मिटून घेतले. स्टिअरिंग धरलेला माणूस डोळे मिटतो हे बरं नव्हे, पण मिटले. गाडी चढली, उतरली आणि मांजरीसारखी पुढे गेली. कुईं नाही की कट् नाही. क्लिफर्डने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

दारात नवऱ्याचे काका उभे होते, जाड मिशांचे, गॉडफ्रे नावाचे. त्यांनी मागे ओळीने चालणाऱ्या आठ सुटातल्या माणसांकडे आदराने पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. "काय गाडी आहे! जराही आवाज नाही. इलेक्ट्रिक का?"

"हो," क्लिफर्ड तात्काळ म्हणाला.

"नाही," आरोलकर खाली उतरत म्हणाले. "सस्पेन्शन नवं आहे. मी बदललं. घरी."

गॉडफ्रेकाकांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी 'वा' म्हटलं. आरोलकरांनी पलीकडे जाऊन दार उघडलं आणि जीनाला उतरवायला हात पुढे केला. तिने हात धरला. मग दोघांचंही एकदमच लक्ष गेलं. तिच्या पांढऱ्याशुभ्र हातमोज्यावर ग्रीसची पाच काळी बोटं उमटली होती.

"अरे देवा! थांब, थांब, विनिताकडे रुमाल आहे," आरोलकर कासावीस झाले. "काढून टाक तो मोजा. फोटो काढणारा समोरच आहे."

जीनाने हात वर धरून तो ठसा नीट पाहिला.

"राहू दे काका," ती म्हणाली. "मला कोणी आणलं, ते फोटोत दिसायला नको?"

आणि तोच हात बापाच्या हातात देऊन ती आत गेली.